पहाटे साडेपाच: बाणगंगेतल्या माशांच्या मरणाचा घटनाक्रम

सर्वपित्री अमावास्या उलटली की मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक छायाचित्र पुन्हा पुन्हा छापून आलेलं आहे. वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावाच्या दगडी पायऱ्या, हिरवंगार पाणी आणि त्यावर पांढरी पोटं वर करून तरंगणारे मासे. सोबतच्या बातमीत कारण एका ओळीत दिलेलं असतं: पितृपक्षातल्या विधींचं साहित्य पाण्यात पडलं, ऑक्सिजन कमी झाला, मासे गुदमरले. ओळ खरी आहे. पण तिच्यात एक प्रश्न राहून जातो. पिंड पडले सकाळी. त्या दिवशी दुपारी, संध्याकाळीही मासे पोहताना दिसत होते. मग ते पहाटेच का मेले?

उत्तर पाण्याच्या हिरव्या रंगात आहे. हा रंग देणारं सूक्ष्म शेवाळ दिवसा ऑक्सिजन तयार करतं आणि रात्री तोच ऑक्सिजन वापरतं. पितृपक्षातल्या पिठाला आणि दुधाला दोष देताना आपण या शेवाळाकडे पाहत नाही आणि ते कशावर पोसलं गेलं हेही विचारत नाही.

आमच्या जुहूतले कितीतरी लोक त्या दिवशी भल्या पहाटे वाळकेश्वरची वाट धरतात. काहीजण जुहूच्या वाळूवरच विधी करून पिंड समुद्रात सोडतात. पिंड तेच, तीळ तेच, पाणी मात्र वेगळं. खालची वेळ अमावास्येच्या दुसऱ्या दिवशीच्या पहाटे साडेपाचपासून उलटी मोजली आहे. एखाद्या वर्षी घड्याळ तासभर पुढेमागे होतं, एखाद्या वर्षी पाऊस किंवा वारा येऊन मासे वाचतातही. पण घटनांचा क्रम बदलत नाही.

उरले ७२ तास

पाऊस ओसरला आहे. ऊन पुन्हा चटका देऊ लागलं आहे. पाण्याचं तापमान तीस अंशांच्या आसपास, वारा पडलेला. शेवाळाला याहून चांगले दिवस वर्षात फारसे मिळत नाहीत.

बाणगंगेचं पाणी गोडं आहे, आणि समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर असल्यानं या गोडव्याचं नवल शतकानुशतकं केलं गेलं. रामासाठी लक्ष्मणानं बाण मारून पाणी काढल्याची कथा त्याच नवलातून आली. शिलाहारांच्या दरबारातल्या लक्ष्मण प्रभूनं ११२७ मध्ये हा तलाव बांधला आणि १७१५ च्या सुमारास रामा कामतींच्या देणगीतून त्याचा जीर्णोद्धार झाला, असं सांगितलं जातं. खालचा झरा अजून जिवंत आहे. पण जमिनीखालून येणाऱ्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन सहसा कमीच असतो. झरा पाणी देतो, श्वास देतोच असं नाही. चारही बाजूंनी पायऱ्यांनी बांधलेल्या या आयताला श्वास दोनच ठिकाणांहून मिळतो: वरच्या हवेतून आणि आतल्या हिरव्या पेशींमधून.

या पेशी किती वेगानं वाढतात हे प्रयोगशाळांना नेमकं ठाऊक आहे. गोड्या पाण्यातलं प्रदूषण तपासण्याची जगभर वापरली जाणारी एक कसोटी हरितशैवालावरच घेतली जाते. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ती २०१ क्रमांकाची चाचणी. तिच्यासाठी सर्वांत जास्त वापरली जाणारी जात १९५९ मध्ये नॉर्वेतल्या नितेल्वा नदीतून वेगळी केलेली, चंद्रकोरीच्या आकाराची. चाचणीचा कालावधी ७२ तासांचा. ज्या काचपात्रात विष घातलेलं नाही, त्यात या ७२ तासांत शेवाळ किमान सोळापट वाढलं पाहिजे, नाहीतर चाचणीच बाद धरतात. तीन दिवसांत सोळापट ही निरोगी शेवाळाकडून केलेली किमान अपेक्षा आहे.

तलावात इतकी वाढ रोज होत नाही, कारण तिथं अन्न मोजकं असतं, आणि पेशी खाणारे बारीक प्राणीही असतात. लगाम या दोनच गोष्टींचा. त्यातला अन्नाचा लगाम आपण सैल करतो.

उरले ४८ तास

अन्न म्हणजे मुख्यतः नायट्रोजन आणि फॉस्फरस. आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी समुद्रातल्या तरंगत्या जीवांचं मोजमाप करून दाखवलं की त्यांच्या शरीरात फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे सोळा आणि कार्बनचे एकशे सहा अणू असतात. कार्बन हवेतून मिळतो, नायट्रोजनही काही जीव हवेतून ओढतात. फॉस्फरस हवेतून येत नाही. तो दगडातून, मातीतून किंवा माणसाच्या हातून येतो. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये २२६ क्रमांकाच्या सरोवराच्या मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन घातला, एका बाजूला त्यांच्या जोडीला फॉस्फरसही. काही आठवड्यांत ती एक बाजू हिरवी झाली, दुसरी स्वच्छ राहिली. विमानातून काढलेलं ते छायाचित्र पाहिल्यावर फॉस्फेटयुक्त साबणाच्या बाजूनं बोलणं अवघड झालं.

हिशेब घरगुती आकड्यांत मांडता येतो. एका माणसाच्या शरीरातून दिवसाला सुमारे एक ते दीड ग्रॅम फॉस्फरस बाहेर पडतो. एक ग्रॅम फॉस्फरसवर जेवढं शेवाळ पोसलं जातं, ते मरून पूर्ण कुजायला सुमारे १४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. तीस अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. म्हणजे एका माणसाच्या एका दिवसाच्या मैल्यातला फॉस्फरस अठरा हजार लिटरहून जास्त पाण्याचा सगळा ऑक्सिजन संपवू शकतो. मुंबईकराच्या भाषेत, दहा हजार लिटरचे जवळपास दोन टँकर.

जुहूचा इर्ला नाला डोळ्यांसमोर आणा. तो पावसाचं पाणी समुद्राला नेण्यासाठी आहे, पण वाहतो बारा महिने, आणि काळा वाहतो. त्यातला फॉस्फरस समुद्रात जातो आणि तिथंही हिशेब चुकत नाही. अलीकडच्या वर्षांत जुहूच्या लाटा रात्री निळसर चमकल्या तेव्हा लोक मोबाइल घेऊन धावले. ती चमक नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जीवाची. अरबी समुद्रात त्याचा जो हिरवा प्रकार माजतो, त्याच्या पोटात हजारो सूक्ष्म हिरवी शैवालं राहत असतात. गोव्याचे जोआकिम गोएस आणि हेल्गा गोम्स या शास्त्रज्ञ जोडप्यानं २०१४ मध्ये त्याच्या फोफावण्याचा संबंध अरबी समुद्रात पसरणाऱ्या कमी ऑक्सिजनच्या पाण्याशी जोडला. चमकणारी लाट पाहून आनंद होतो, आणि त्या आनंदाबद्दल कोणाला दोष द्यावा असं वाटत नाही. पण ती लाट निरोगी समुद्राची खूण नव्हे.

तलावाकडे परत येऊ. तळाशी गाळ आहे, आणि गाळात मागच्या अनेक पितृपक्षांचा फॉस्फरस लोहाशी बांधलेला पडून आहे. तळाच्या पाण्यात ऑक्सिजन असेपर्यंत ही गाठ टिकते. ऑक्सिजन संपला की सुटते, आणि जुना फॉस्फरस पुन्हा वर येतो. म्हणून गाळ काढणं गरजेचंच आहे, मात्र हाताला लागेल त्या यंत्रानं नव्हे. २०२४ च्या जूनमध्ये याच कामासाठी उतरवलेल्या यंत्रानं बाणगंगेच्या जुन्या पायऱ्या फोडल्या आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं.

इथं एक मोहाचा उपाय सांगितला जातो: मोरचूद टाका, शेवाळ मरेल. मरतं खरं. तांब्याच्या अतिसूक्ष्म मात्राही हरितशैवालाचं प्रकाशसंश्लेषण रोखतात, म्हणूनच द्राक्षबागायतदाराच्या हातातलं मोरचूद पोहण्याच्या तलावांतही वापरलं गेलं. पण दाट हिरव्या पाण्यात ते टाकलं की एका दमात मेलेलं सगळं शेवाळ एकाच वेळी कुजू लागतं आणि ऑक्सिजन एक-दोन दिवसांतच तळ गाठतो. मासे शेवाळाआधी नाही, तर शेवाळामागून मरतात. शिवाय प्रदूषक सगळ्यांना सारखं मारत नाहीत. धुण्याचा साबण, मूर्तींच्या रंगातले जड धातू, कीटकनाशकांचे अंश यांना पाण्यातले डॅफ्नियासारखे बारीक प्राणी पुष्कळदा शेवाळाआधी बळी पडतात. म्हणजे पेशी खाणारं तोंड आधी बंद होतं आणि दुसराही लगाम सुटतो. विष आणि खत एकाच नाल्यातून येतं, तेव्हा बहुतेक वेळा खतच जिंकतं.

उरले २४ तास

अमावास्येची पहाट, साडेपाच. जुहू गल्लीत, इर्ल्यात, विलेपार्ल्यात दिवे लागले आहेत. पिंडांसाठी भात शिजतोय. काळे तीळ, दर्भ, दही, दूध, मध, तूप पिशवीत भरलं जातंय. ज्यांना आपल्या माणसांच्या तिथी ठाऊक नाहीत, तेही आज सगळ्यांचं स्मरण करणार. या दिवसाचं हे मोठेपण मला फार मोलाचं वाटतं. विसरलेल्यांनाही आज पाणी मिळतं.

तलावात या घडीला ऑक्सिजन आधीच कमी आहे. रात्रभर शेवाळानं श्वास घेतला आहे. हिरव्या पाण्यात मासे रोजच काठावर जगत असतात, फक्त ते दिसत नाही.

उरले २२ तास

साडेसात. पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नाही. खालच्या पायरीवर शेवाळ धरलेलं, म्हातारी माणसं एकमेकांचा हात धरून उतरतात. तर्पण होतं, पिंड पाण्यात सोडले जातात, मागोमाग दूध.

कोरड्या तांदळाच्या एक किलो पिठाला पूर्ण कुजायला एक किलोहून थोडा जास्त ऑक्सिजन लागतो. लिटरमागे साडेसात मिलिग्रॅम धरले तर हा सुमारे दीड लाख लिटर पाण्याचा सगळा साठा. दूध त्याहून अवखळ. घरातलं सांडपाणी आणि दूध यांची तुलना केली तर दुधाची ऑक्सिजनची भूक तीनशे ते पाचशे पट भरते, लिटरमागे सुमारे शंभर ग्रॅम. एका लिटर दुधाला तेरा हजार लिटर पाण्याचा ऑक्सिजन लागतो. आणि दूध पिठासारखं सावकाश कुजत नाही. त्यातली साखर विरघळलेलीच असते, जिवाणूंपुढे ताट वाढून ठेवल्यासारखी. तुपाचा तवंग पाण्यावर पसरतो आणि हवेतून मिळणारा थोडा श्वासही अडवतो.

इथं धर्माचा आधार घेऊन गप्प बसवणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. याज्ञवल्क्य स्मृतीत श्राद्धानंतर पिंडांचं काय करावं याचे पर्याय दिले आहेत: गाईला, बोकडाला किंवा ब्राह्मणाला द्यावे, अग्नीत टाकावे किंवा पाण्यात सोडावे. पाणी त्यातला एक पर्याय आहे, एकमेव नाही. तर्पणाच्या ओंजळभर पाण्यानं आणि चार तिळांनी तलाव मरत नाही. पायऱ्यांवर ठेवलेल्या कलशात पिंड गोळा करून गोशाळेत पोचवले तर विधीला शास्त्राचाच आधार मिळतो. गुरुजींनी हे एका वाक्यात यजमानाला सांगितलं तर कोणत्याही सूचना फलकापेक्षा जास्त उपयोग होईल, कारण त्या क्षणी यजमान फक्त गुरुजींचंच ऐकत असतो.

उरले १७ तास

दुपारी साडेबारा. जुहूच्या चौपाटीवर भरती. अमावास्येला मुंबईत भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, तीही उधाणाची. सकाळी वाळूत सोडलेले पिंड लाटेनं उचलले, आणि संध्याकाळी ओहोटी त्यांना आत ओढून नेईल. मध्यरात्री पुन्हा भरती. समुद्र घाण पचवतो असं याचा अर्थ कोणी काढू नये, वर इर्ल्याचं सांगून झालं आहे. पण समुद्राला दिवसातून दोनदा पाणी बदलून मिळतं, लाटा हवा घुसळून आत नेतात. बाणगंगेला भरती नाही, ओहोटी नाही, लाट नाही. जे पडलं ते तिथंच राहतं.

उरले १४ तास

दुपारचे साडेतीन. या घटनाक्रमातली सर्वांत फसवी वेळ.

सकाळपासूनच्या उन्हात शेवाळानं झपाटून काम केलं आहे. अशा दाट हिरव्या पाण्यात या वेळी ऑक्सिजन पाण्याच्या क्षमतेपेक्षाही जास्त चढतो, लिटरमागे बारा-पंधरा मिलिग्रॅमपर्यंत. शेवाळाच्या गुंत्यात बुडबुडे अडकलेले डोळ्यांनी दिसतात. या क्षणी कोणी विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा डीओ मीटर बुडवला तर आकडा उत्कृष्ट येईल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत आंघोळीच्या पाण्याला लिटरमागे पाच मिलिग्रॅम ऑक्सिजन पुरतो आणि मासे व वन्यजीवांसाठीच्या पाण्याला चार. दुपारी तलाव दोन्ही कसोट्या हसत पार करतो. कार्यालयाच्या वेळेत घेतलेले नमुने म्हणूनच भोळे असतात. ते तलावाच्या दिवसातला सर्वांत चांगला तास मोजतात.

हा जादा ऑक्सिजन रात्रीसाठी साठवला जात नाही. क्षमतेबाहेरचा वायू पाणी धरून ठेवत नाही, तो हवेत निघून जातो. दिवसभराच्या कमाईतली मोठी रक्कम सूर्यास्ताआधीच हातची जाते.

याच वेळी दुसरं एक विष तयार होतंय. शेवाळानं पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषला की पाणी अल्कधर्मी होतं, सामू (पीएच) नऊपर्यंत चढतो. माशांच्या उत्सर्जनातून आणि दूध-दह्यातल्या प्रथिनांच्या कुजण्यातून पाण्यात अमोनिया येतच असतो. तीस अंशांना, सामू सात असताना त्यातला एक टक्काही विषारी रूपात नसतो. सामू आठ झाला की सात-आठ टक्के, नऊ झाला की चाळीस टक्क्यांहून जास्त. एकूण अमोनिया तेवढाच, त्याचं रूप मात्र पालटलेलं. हा विषारी अमोनिया माशांच्या कल्ल्यांना इजा करतो. म्हणजे रात्रीची परीक्षा सुरू व्हायच्या आधीच श्वासाचं इंद्रिय अधू झालेलं असतं.

उरले ११ तास

संध्याकाळी साडेसहा. सूर्य मावळला. आज चंद्रही नाही, पण त्यानं फरक पडला नसता. चांदण्यात प्रकाशसंश्लेषण होत नाही म्हटलं तरी चालेल.

ऑक्सिजन बनवण्याचं काम थांबलं. श्वास मात्र कोणाचाच थांबला नाही. मासे, जिवाणू, तळातले किडे आणि स्वतः शेवाळ, सगळे आता एकाच साठ्यातून घेऊ लागले. नॉर्वेचे गार्डर आणि ग्रान यांनी १९२७ मध्ये हे मोजण्याची एक साधी रीत घालून दिली. एकाच पाण्यानं दोन बाटल्या भरायच्या, एक पारदर्शक, एक काळी, आणि दोन्ही पाण्यात टांगून ठेवायच्या. उजेडातल्या बाटलीत ऑक्सिजन वाढतो, अंधारातल्या बाटलीत घटतो. या क्षणापासून सगळी बाणगंगा काळी बाटली आहे.

पाण्यात हवा घुसळणारं यंत्र, एरेटर, चालू करायची खरी वेळ हीच. मत्स्यशेती करणाऱ्या कोणाही माणसाला विचारा, तो एरेटर रात्री चालवतो. दिवसा कारंजं उडवून संध्याकाळी बंद करणं दिसायला छान, माशांच्या उपयोगाचं मात्र फारसं नाही.

उरले ६ तास

रात्रीचे साडेअकरा. जिवाणूंची संख्या दुपारपासून वाढत गेली आहे. शिजलेला भात विरघळून पिठूळ झाला, दूध पसरलं, साखर संपत आली. पाण्याचा वरचा थर थंड होऊ लागला, जड झाला, खाली जाऊ लागला आणि त्यानं तळाचं पाणी वर ढकललं. तळाशी दिवसाही प्रकाश पोचत नाही, तिथला ऑक्सिजन आधीच संपत आलेला. आता हे दरिद्री पाणी सगळ्या तलावात मिसळतं.

हवेतून मदत येत नाही का? येते, पण फार हळू. हवेच्या एका लिटरमध्ये सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, पाण्यात साडेसात. आणि निश्चल पाण्यात तो हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद सरकतो. वाऱ्यानं पाणी हललं तरच तो खाली पोचतो. चारही बाजूंना इमारती असलेल्या तलावात पडलेला वारा म्हणजे बंद खिडकी.

उरले ३ तास

अडीच वाजले. मासे वर आले.

लिटरमागे दोन-तीन मिलिग्रॅमच्या खाली ऑक्सिजन गेला की मासे पाण्याच्या अगदी वरच्या, हवेला टेकलेल्या पातळ थराशी तोंड लावतात. तिथं थोडा ऑक्सिजन असतो. शेकडो तोंडं उघडमीट करतात, पाण्यावर पाऊस पडल्यासारखी बारीक वर्तुळं उठतात. पायऱ्यांवर कोणी असतं तर त्याला हे दिसलं असतं आणि अजून वेळ होती. एरेटर नसेल तर पंपानं पाणी उचलून वरून पाडलं तरी काही मासे वाचतात. तरुण मंडळाचे दोनचार कार्यकर्ते आणि भाड्याचा एक पंप पुरे.

मोठे मासे आधी कोसळतात. त्यांच्या शरीराला लागणारा ऑक्सिजन जास्त, आणि तो पातळ थर त्यांना पुरत नाही. म्हणून मेलेल्यांत मोठे मासे जास्त दिसले तर विषप्रयोगापेक्षा गुदमरण्याची शंका आधी घ्यावी. तिलापिया सर्वांत चिवट. उजनी धरणाच्या काठी हिला चिलापी म्हणतात, आणि पुणे-पिंपरी चिंचवडचं सांडपाणी पोटात घेऊन हिरव्या पडणाऱ्या त्या धरणात ती बाजारभर मिळते ती याच चिवटपणामुळे. लिटरमागे एक मिलिग्रॅमलाही ती काही काळ तग धरते. ज्या पाण्यात चिलापीही मेली, ते पाणी शून्याच्या जवळ गेलेलं असतं.

उरला १ तास

साडेचार. दाट हिरव्या तळ्यात अशा एका रात्रीत लिटरमागे सात-आठ मिलिग्रॅम सहज उतरतात. साठा संपला आहे. तळातून सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागतो, कारण ऑक्सिजन नसताना काही जिवाणू सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. गाळातली लोह-फॉस्फरसची गाठ सुटते.

साडेपाच

सूर्य उगवायला अजून तासभर आहे. रोजच्या चक्रात ऑक्सिजन सर्वांत खाली असण्याची ही वेळ. मासे बाजूला कलतात, कल्ले फाकलेले, तोंड उघडं, आणि थांबतात. काही बुडतात आणि कुजून फुगल्यावर वर येतात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आकडा वाढल्यासारखा वाटतो. मृत्यू बहुतेकांचा याच दोन-तीन तासांतला.

नंतरचे ६ तास

साडेअकरा. पालिकेचे कामगार जाळीनं मासे काढताहेत. वास असह्य, आणि काम त्यांच्याच वाट्याचं. नमुन्याची बाटली आता भरली जाते. पण ऊन वर आलेलं असतं, आणि जिवंत राहिलेल्या शेवाळानं पुन्हा ऑक्सिजन सोडायला सुरुवात केलेली असते. बाटलीत साडेपाचचं पाणी नसतं, साडेअकराचं असतं.

मासे काढायला उशीर करू नये, याला वासाखेरीज आणखी एक कारण आहे. माशाच्या ओल्या वजनात सुमारे अर्धा टक्का फॉस्फरस असतो. शंभर किलो मासे तलावातच कुजले तर अर्धा किलो फॉस्फरस परत पाण्यात. वेळेत काढले तर तेवढा कायमचा बाहेर. गाळाचंही तेच, निर्माल्याचंही तेच. फॉस्फरस हवेत उडून जात नाही. उचलून नेल्याशिवाय तो कमी होत नाही.

नंतरचे ७२ तास

आपल्याकडे बीओडी, म्हणजे पाण्यातल्या कुजणाऱ्या घाणीची ऑक्सिजनची भूक, २७ अंशांना तीन दिवस बाटली बंद ठेवून मोजतात. अहवाल येतो तेव्हा ७२ तास उलटलेले असतात. शेवाळाच्या चाचणीलाही ७२ तासच लागतात, आणि तलावालाही तेवढेच पुरतात. मेलेल्या माशांनी आणि फुटलेल्या गाळानं सोडलेलं खत ताजं आहे, ऊन कडक आहे, नवरात्र सुरू झालं आहे. पाणी पुन्हा हिरवं.

पुढच्या पितृपक्षात पंधरा दिवस रोज पहाटे पाच वाजता बाणगंगेच्या खालच्या पायरीवर एक माणूस डीओ मीटर घेऊन उभा राहावा, आणि त्यानं वाचलेला आकडा वरच्या पायरीवरच्या फळ्यावर खडूनं लिहावा. चारच्या खाली गेला की त्या संध्याकाळपासून एरेटर रात्रभर चालवावा आणि दूध-पिंड कलशातच घ्यावेत. महापालिका, तलावाचं व्यवस्थापन पाहणारं देवस्थान आणि परिसरातलं एखादं महाविद्यालय, तिघांनी मिळून हे करता येतं. पवईच्या तलावालाही हीच पाच वाजताची मोजणी हवी, ठाण्याच्या मासुंद्यालाही, कोल्हापूरच्या रंकाळ्यालाही.